म्हशीने प्यायलेली पेज

असोद्याच्या बेबाबाईला बूड टेकून बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर त्याने पुढे यावं. मुळात पायाला भिंगरी, त्यात तीन महिन्यांपूर्वी जळगावच्या दवाखान्यात नवऱ्याचं, तोतारामचं, कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. त्याचा थोरला भाऊ वना केळीच्या बागेत हृदय बंद पडून उभ्या उभ्या गेला, बावन्नाव्या वर्षी. तोताराम आता एक्कावन्नचा. बेबाबाईच्या डोक्यातून हे गणित हलेना. दुपारी तो जरा लवंडला, की श्वास चालू आहे ना, ते बघायला ती चारदा आत-बाहेर करायची.

आहार सांगणाऱ्या चारुलता मॅडम म्हणाल्या होत्या, "गोळीआधी तीन महिने खाण्यानं बघू. रोज ओट्स द्या."

पहिल्याच सकाळी तोतारामने बुळबुळीत ओट्सचा चमचा खाली ठेवला. "हे काय व, बुयबुयीत? माह्या गयाखाले नही उतरत."

नवऱ्याने टाकलेली वाटी बेबाबाई कशी सहन करील? दुसऱ्या दिवशी तिने ओट्स भरपूर पाण्यात उकळले, भातासारखी पेज गाळली, वरून दोनदा पाणी ओतून धुतले आणि मोकळ्या झालेल्या ओट्सना कांदा-लसणाची फोडणी दिली. तोताराम मुकाट्याने खाऊन उठला. चिकट पेज म्हशीच्या घमेल्यात गेली. हे असं तीन महिने, एक दिवस न चुकता.

काल रिपोर्ट आला. आकडा होता तिथेच होता.

"मावशी, ओट्स करता कसे तुम्ही?" मॅडमनी विचारलं. बेबाबाईने मोठ्या हौशीने सगळं सांगितलं. "पेज म्हशीले घालते. वाया नही जाऊ देत."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "अहो, तो चिकटपणाच तर कामाचा! विरघळणारा तंतू असतो तो. आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतो. मग नवं पित्त करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. तुम्ही गुण गाळून चोथा वाढलात."

"मंग म्हशीचा रिपोर्ट काढा," तोताराम म्हणाला. मॅडमना हसू आवरेना. बेबाबाईला मात्र रडू कोसळलं. ज्याला जपायचं, त्याच्याच तोंडचं औषध तिने स्वतःच्या हाताने फेकलं होतं. असोद्यापर्यंत ती रिक्षात तोंड फिरवून बसली.

आज सकाळी तिने वाटी पुढे ठेवली. "गायेल नही आज, पेज आतच हाये," एवढंच बोलली आणि निघाली.

तोतारामने वाटीत पाहिलं, मग तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे. "खातो. पन तू बस आधी इथी."

ती बसली. तोंड वेडंवाकडं करत तो एकेक चमचा गिळत होता. गोठ्यात म्हैस पेजेसाठी रेकत राहिली, आणि वाटीचा तळ दिसेपर्यंत बेबाबाई जागची हलली नाही.