मंगल शेळी ओरडते

हसू नका असं मी म्हणणार नाही. तुम्ही हसणारच. फक्त आधी चहा खाली ठेवा, कारण मागच्या वेळी हे सांगत होते तेव्हा आमच्या नणंदेच्या नाकातून चहा आला होता!

तर मी शिरूरला एका छोट्या ऑफिसात काम करते. शेतकऱ्यांसाठी आम्ही मोबाईलवरचे कोर्स काढतो. व्हिडिओत बोललेलं खाली अक्षरांत दिसतं ना, ते माझं खातं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना त्या अक्षरांवरच सगळं समजून घ्यायचं असतं.

आता ते आधी कॉम्प्युटर आपलं आपण लिहितो. पण काय लिहितो! शेळीपालनाच्या कोर्सात शिकवणारे कवठे येमाईचे आप्पा म्हणाले, "करडाला पहिला चीक पाजा." कॉम्प्युटरनं लिहिलं, "करडाला पहिली चिक्की पाजा." आप्पा म्हणाले, "लेंडीखत लय भारी." खाली आलं, "लंडनखत लय भारी." हे असलं निस्तरायचं म्हणजे माझी नोकरी.

शिवाय नुसतं बोलणं लिहून भागत नाही. आवाजसुद्धा लिहायचे. कंसात. [दार वाजतं], [टाळ्या], [ट्रॅक्टर जातो]. ऑफिसात सगळे म्हणायचे, वैशालीचे कंस म्हणजे एकदम चोख! आणि मला ते पटायचं, हीच तर सगळी अडचण.

तर तो व्हिडिओ. आप्पा गोठ्यात उभे. शेजारी एक काळी शेळी, तोंड हलवतेय. आप्पा चाऱ्याबद्दल सांगतायत आणि मध्येच लांबून आवाज येतो, "अँवंऽऽऽ!"

आप्पा मान वळवून म्हणतात, "आलो गं मंगल, जरा थांब की!"

तुम्हीच सांगा, तुम्ही काय लिहिलं असतं? मी लिहिलं, [मंगल शेळी ओरडते].

परत आवाज. "अँवंऽऽऽऽ!" आप्पा म्हणतात, "गप गं मंगल, शूटिंग चाललंय." मी लिहिलं, [मंगल शेळी पुन्हा ओरडते]. तिसऱ्यांदा तर कानठळ्या! [मंगल शेळी जोरात ओरडते]. आणि आप्पा कौतुकानं कॅमेऱ्याकडं बघून म्हणतात, "मी जरा नजरेआड झालो का हिला करमत न्हाई."

मला इतकं बरं वाटलं! काय तो माणूस, काय त्याची शेळी! व्हिडिओ गेला लोकांकडं.

थोड्याच दिवसांत कारेगावहून दत्ताभाऊंचा मेसेज आला. ते तिथल्या एका कारखान्यात पॅकिंगला आहेत. लहानपणापासून ऐकू येत नाही, पण वाचणं-लिहिणं आपल्यापेक्षा चोख. कोर्समधला एक धडा सोडला नव्हता त्यांनी. मेसेज असा, "ताई, पहिली शेळी घेणार आहे. मला मंगलच पाहिजे. मालकाला हाक मारणारी शेळी कुठं मिळते?"

मी लगेच आप्पांना फोन लावला.

"आप्पा, कारेगावचे एक भाऊ आहेत. व्हिडिओ बघून मंगलवर एकदम खूश झालेत. तिला न्यायचं म्हणतात."

"मंगलला? कारेगावला?" आप्पा चाटच पडले.

"हो. म्हणतात, शेळ्यांत अशी हुशार दुसरी नाही."

"व्हय, हुशार तर हाय." आप्पांचा आवाज एकदम फुलला. "पर तिला इचारावं लागंल बघा."

मी मनात म्हटलं, काय हा जीव लावणारा माणूस! शेळीला विचारणार! "अहो, तुमचं ऐकेल की ती."

"माझं? माझं कवा ऐकलंय तिनं? मीच तिचं ऐकतो. बरं, रविवारी या. तयार ठेवतो तिला."

रविवारी आम्ही निघालो. पुढं मी, पाठीमागं टेम्पो घेऊन दत्ताभाऊ. त्यांच्या हातात नवंकोरं दावं, टेम्पोत हिरव्या घासाची पेंढी. चेहऱ्यावर असा आनंद की मुलगी बघायला निघालेत!

आप्पांच्या अंगणात पोचलो तर खाटेवर एक काकू बसलेल्या. ठेवणीतलं लुगडं, अंबाड्यात गजरा, पायाशी भरलेली पिशवी. मला वाटलं, कुठं लग्नाला निघाल्यात. मी वाकून नमस्कार केला.

दत्ताभाऊंनी मोबाईलवर लिहून मला दाखवलं, "मंगल कुठे?"

मी विचारलं, "आप्पा, मंगल कुठंय?"

"ही काय म्होरं बसलीया!" आप्पा म्हणाले.

मी बघितलं. काकूंच्या बरोब्बर मागं एक काळी शेळी बसलेली! मी दत्ताभाऊंना बोटानं दाखवली. ते धावलेच. तिचा जबडा उघडून दात बघितले, पाठीवरून हात फिरवला, कास चाचपली आणि माझ्याकडं बघून अंगठा वर केला.

काकूंचा चेहरा बदलला. "ते पाव्हणं शेळीचं दात कशापायी बघत्यात?"

"काकू, मंगलला न्यायचं म्हणजे बघून घ्यायला नको का? दूधबीध किती देते..."

"अगं ए बये!" काकू ताडकन उठल्या. "मंगल मी हाय!"

आता बघा हं. कोर्सचे निम्मे व्हिडिओ अजून ह्यांच्याच गोठ्यात काढायचे होते. ह्या बाईनं आम्हाला हाकलून दिलं तर ऑफिसात तोंड कुठं दाखवू?

"मला ह्यांनी सांगितलं, कारेगावला शेळ्यांचं मार्गदर्शन करायला बोलावलंय. म्हणून सकाळपास्नं नटून बसले. आन् तू मला इकायला निघालीस व्हय?"

"नाही काकू, ते... व्हिडिओत तो आवाज येतो ना, अँवंऽऽ..."

"मी ह्यास्नी अवंऽऽ म्हणून हाक मारत हुते! चहा गार व्हत हुता!"

"तेच काकू. पण लांबून अगदी शेळीसारखं..."

बोलले आणि जीभ चावली. गप्प बसावं की नाही माणसानं?

दत्ताभाऊ आमची तोंडं बघत होते. काय चाललंय म्हणून त्यांनी मोबाईल पुढं केला. मग मलाच माझ्या हातानं टाईप करावं लागलं, "मंगल शेळी नाही. मंगल या काकू आहेत. चूक माझी."

त्यांनी वाचलं. काकूंकडं बघितलं. हातातल्या दाव्याकडं बघितलं. दावं हळूच पाठीमागं लपवलं आणि काकूंना दोन्ही हात जोडायला गेले, तर दावं खाली पडलं! मग त्यांनी व्हिडिओ लावून काकूंसमोर धरला. काकू एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचायला लागल्या, "मंगल... शेळी... जोरात... ओरडते."

आप्पांनी टोपी तोंडात कोंबली.

"हसा! हसा मोकळ्यानं!" काकू म्हणाल्या, आणि स्वतःच अशा हसत सुटल्या की गजरा सुटून खांद्यावर आला. दत्ताभाऊ तर पोट धरून खालीच बसले.

डोळे पुसत काकू मला म्हणाल्या, "पाव्हण्याला काय बोलायचं? तू ल्हिशील तेच त्यो ऐकणार. पोरी, नीट ल्हीत जा गं."

एवढंच. पण लागलं मला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम तेच केलं, तिन्ही कंस बदलले, [काकू आप्पांना हाक मारतात].

त्या रविवारी मात्र काकूंनी आम्हाला चहा पाजला, दत्ताभाऊंना शेळीला काय घालायचं, काय नाही, ते खाणाखुणांनी दाखवलं आणि ती काळी शेळी त्यांनाच दिली. दत्ताभाऊंनी लिहून विचारलं, "हिचं नाव?" शेळीला नावच नव्हतं. काकूंनी माझ्याकडं बघितलं, मोबाईल मागून घेतला आणि एका बोटानं, सावकाश, स्वतः लिहिलं. वैशाली.

आता पुढचं ऐका. दोन-तीन दिवसांनी मी स्वयंपाकघरात होते. माझा मोबाईल बाहेर वाजला. आमच्या ह्यांनी उचलून दत्ताभाऊंचा मेसेज मोठ्यानं वाचला, "वैशाली कारेगावात मजेत आहे. खाते भरपूर. बायको म्हणते, दिवसभर ओरडते पण भरपूर."

मी पोळी तव्यावर टाकून धावत बाहेर आले, सगळं समजावून सांगायला. तर हे मोबाईल हातात धरून गंभीरपणे मला विचारतात, "कारेगावपर्यंत ऐकू जातं?"