एका दाताला तीन दिवस

आमच्या लॅबमध्ये तिला सगळे घाईबाई म्हणतात. लॅब म्हणजे दोन खोल्या. तिथे आम्ही दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या आणि कॅपा बनवतो. कॅपवर चिनीमातीचे थर चढवायचं काम तिचं, तयार माल तपासायचं माझं. दिवसाला सहा दात हातावेगळे करते आणि वर म्हणते, "चावता आलं म्हणजे झालं!" जेवणही उभ्यानेच. लग्नसुद्धा तिने पंधरा दिवसांत उरकलं. नवरा भला होता, सहा वर्षांपूर्वी आजारपणात गेला. मुलगी शिकायला दूर असते.

त्या लग्नाच्या आधी, म्हणजे बावीस वर्षांपूर्वी, मी तिला विचारलं होतं. प्लॅस्टर ढवळता ढवळता, मान वर न करता. मला बायकाच आवडतात हे मला शाळेतच कळलं होतं, आणि या बाईवर तर माझा जीव जडला होता. ती म्हणाली, "अगं, तू लाख चांगली आहेस. पण मी तशी नाही. जन्मतःच नाही, त्याला मी तरी काय करू?"

हे उत्तर मला पटलं. एखाद्याची उंची कमी म्हणून त्याच्यावर कोणी रुसतं का? मी जन्मतः अशी, ती जन्मतः तशी, दोष कोणाचाच नाही. एवढ्या आधारावर मी तिच्या लग्नात पोटभर जेवले, तिच्या लेकीची मावशी झाले, तिच्या नवऱ्याला दवाखान्यात डबे पोचवले.

आणि मग ही स्कूटरवाली. दवाखान्यांतून दातांचे साचे आणून देते, वर्षभर झालं असेल. पन्नाशीची, गडगडाटी हसणारी. गेल्या महिन्यात ती पडली आणि तिचा पुढचा दात अर्धा तुटला. घाईबाई म्हणाली, "मी करते." त्या एका दाताला तिने तीन दिवस लावले! खिडकीपाशी उजेडात धरायची, स्कूटरवालीला "ओठ वर कर" म्हणायची, शेजारच्या दाताशी रंग ताडून बघायची. त्या शेजारच्या दातावर एक बारीक पिवळट रेघ आहे. तीसुद्धा हिने नव्या दातावर केसाएवढ्या ब्रशने काढली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या दाढेची कॅप हिने अर्ध्या तासात उरकली होती.

दात तपासायला माझ्याच टेबलावर आला. खोट काढायला मी टपलेलीच होते. भिंगाखाली चारदा फिरवला, खोट सापडेना. शेवटी तिलाच विचारलं, "काय चाललंय तुमचं?"

तिने आढेवेढे घेतले नाहीत. "पुढच्या महिन्यात ती माझ्याकडे राहायला येतेय."

"तू तर तशी नव्हतीस!"

"नव्हते. किंवा असेन, कळलं नसेल. लेक म्हणते, तू पहिल्यापासून अशीच होतीस, लोकांच्या धाकाने दाबून ठेवलंस. तिची आत्या म्हणते, एकटेपणाने डोकं फिरलंय. पण नवऱ्यावरही माझं खरंच प्रेम होतं गं. माणूस बदलतही असेल."

कोणाचंही खरं धरलं तरी मला त्यात जागा नव्हती. दाबून ठेवलं असेल, तर ते माझ्यासाठी बाहेर काढावंसं तिला वाटलं नाही. एकटेपणा असेल, तर डबे घेऊन येणारी मी समोरच होते. बदलली असेल, तर बावीस वर्षं शेजारी बसूनही माझ्यासाठी बदलली नाही आणि स्कूटरवालीला एक वर्ष पुरलं. मी जळत होते, आणि जळतेय हे तिला दिसत होतं.

"मग मी विचारलं तेव्हा," मी म्हटलं, "तू तशी नव्हतीस, की तुला मी नको होते?"

दात भाजायच्या भट्टीचा गजर वाजला. ती उठली नाही.

"तू नको होतीस," ती म्हणाली. "तेव्हा मला यातला फरक कळत नव्हता गं. आता कळतो."

मी दात पास केला, डबीत कापूस घालून वर चिठ्ठी चिकटवली. ती म्हणाली, "रविवारी जेवायला येशील? तीही असेल."

येईन म्हटलं. त्या स्कूटरवालीत असं काय आहे, ते मला जवळून बघायचं होतं.