सरकत्या दारांचा टीव्ही

कुणाच्याही घरी गेले की काका आधी टीव्हीच्या मागे जाऊन वाकायचे. यजमान पाण्याचा तांब्या घेऊन उभे, आणि पाहुण्यांची नुसती पाठ दिसतेय. "समोरून काय, सगळेच छान दिसतात," असं म्हणत ते हात झटकत बाहेर यायचे आणि मग चहा मागायचे. काकू म्हणायच्या, "मला बघायला आले तेव्हाही आधी आमचा रेडिओ उलटा करून पाहिला. होकार नक्की कुणाला दिला, ते मला अजून कळलेलं नाही."

तुमच्याही ओळखीत असा कुणी ना कुणी असेलच. झाशीतल्या आमच्या गल्लीत हे होते. जन्म नागपूरचा, सगळी नोकरी झाशीत, रेल्वेच्या सिग्नल खात्यात. मराठी बोलता बोलता कधी हिंदीत शिरतील, याचा नेम नसे. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, यांनी जुने टीव्ही जमवायला घेतले. जिन्याखाली टीव्ही, पलंगाखाली टीव्ही, काकूंच्या पापडाच्या डब्यांच्या जागी टीव्ही. त्यातले बरेचसे चालायचे, हे मात्र कबूल करायला हवं.

पण जीव अडकला होता एकाच संचात. चार पायांचं लाकडी कपाट, आणि पडद्यावर दोन्ही बाजूंनी सरकत येणारी दारं. ही दारं म्हणजे कापडावर चिकटवलेल्या बारीक लाकडी पट्ट्या. कापड कुजतं, पट्ट्या गळतात, म्हणून दारं शाबूत असलेला संच सहसा मिळत नाही. दिल्ली-पुण्याचे शौकीन त्याच्यासाठी झुरतात. "तो मिळाला ना, की दुसरा टीव्ही घरात आणणार नाही," काका म्हणायचे. त्यामुळे तो मिळावा म्हणून काकूही रोज देवाला हात जोडायच्या.

मिळाला तो झाशीजवळच्या बरुआसागरला. माझ्याकडे गाडी होती, म्हणून मला सोबत नेलं. आल्याची शेती करणाऱ्यांचं घर. मुलगा शेतावर, घरात म्हाताऱ्या अम्मा एकट्याच. कोपऱ्यात फुलाफुलांच्या चादरीखाली तो संच होता. काकांनी चादर काढली, एक दार बोटाने ढकललं. ते अलगद सरकलं. काका नुसता त्या लाकडावरून हात फिरवत राहिले.

"ले जाओ भैया," अम्मा म्हणाल्या. "बंद पड़ो है, जगा घेरें है." पैशांचं नावही काढू दिलं नाही. एवढंच म्हणाल्या, "चालू हो जाए तो एक बेर दिखा दइयो."

त्या दुरुस्तीपायी काकांनी सबंध पावसाळा घालवला. आता हवेतून असल्या संचाला प्रक्षेपण मिळत नाही, म्हणून मागे एक छोटी डबी जोडली. पूर्वी रविवारी सकाळी ज्या पौराणिक मालिकेसाठी अख्खा मोहल्ला अम्मांच्या घरी जमायचा, तीच तिच्यातून पडद्यावर आणली. मग ओळखीच्या टेम्पोत संच चढवून आम्ही पुन्हा बरुआसागरला गेलो. दाखवायचा आणि लगेच परत आणायचा, असं ठरलं होतं. दोऱ्यासुद्धा टेम्पोतच ठेवल्या होत्या.

काळंपांढरं चित्र उमटलं. वळून बघते तर अम्मा स्वयंपाकघराच्या दारात, पदर नाकापर्यंत ओढलेला.

"अम्मा, सामने आइए ना," काका म्हणाले.

"हम तो इतईं से देखत ते, भैया. आगें जेठ-ससुर बैठत ते. सामूँ से हमने कभऊँ नईं देखो."

टीव्ही त्यांच्याच घरातला. साऱ्या मोहल्ल्याला चहा त्या करायच्या, आणि पुढे सासरे नि थोरले दीर बसलेले, म्हणून चित्र बघायचं ते दारातून, पदराआडून, लोकांच्या डोक्यांवरून. काकांनी खाट उचलून पडद्यासमोर ठेवली. अम्मा संकोचत बसल्या. बऱ्याच वेळाने त्यांचा त्यांनीच पदर मागे सारला, पडद्यावरच्या देवाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "अच्छा, इनको मुँह ऐसो हतो!"

निघताना अम्मांनी सांगितलं, "अब उठा लो."

काकांनी हत्यारांची पिशवी बंद केली. "अभी नहीं अम्मा. थोड़ा काम बाकी है. यहीं रहने दीजिए, मैं आकर कर दूँगा."

काम काडीचंही बाकी नव्हतं. टेम्पोत मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तुम्हीच ठेवा म्हटलं असतं, तर ठेवला असता का त्यांनी? दिलेली वस्तू परत घेणाऱ्यातल्या नाहीत त्या." मग झाशी येईपर्यंत तोंड फिरवून बाहेर बघत बसले. मला त्यांचा अभिमान वाटला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. घरी त्या संचासाठी रिकामी केलेली जागा तशीच होती. पुढे काकूंनी तिथे पापडाचे डबे परत मांडले.

त्यानंतर ते अधूनमधून बसने बरुआसागरला "काम करायला" जायचे. एखादा स्क्रू आवळायचे, धूळ पुसायचे, मालिकेचे पुढचे भाग घालून यायचे. पुण्याहून एक शौकीन खास तो संच बघायला आला, त्यालाही हेच उत्तर: "अजून काम बाकी आहे हो."

गेल्या थंडीत काका गेले. अम्मांना कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून तेराव्यानंतर मी गेले. मालिका चालू होती. अम्मा खाटेवर, अगदी पडद्यासमोर, डोक्यावर पदर नाही. मी सांगितलं तशा त्या उठल्या, टीव्ही बंद केला, दोन्ही दारं ओढून घेतली.

मग त्या म्हणाल्या, "वे तो कह गए ते, थोड़ो काम बाकी है, पूरो करके ले जाएँगे. अब तुम ले जाओ बिटिया. उनकी चीज है." एवढं बोलून त्यांनी टीव्हीच्या दारावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"नहीं अम्मा," मी म्हटलं. "अभी थोड़ा काम बाकी है. मैं आती रहूँगी."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग दारं पुन्हा सरकवली, बटण दाबलं आणि खाटेवर जरा बाजूला सरकून मला जागा करून दिली.