वीतभर पट्टी

धाकटे आणि थोरले सख्खे भाऊ, एकाच मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवणारे, आणि एका स्नायूवरून एकमेकांच्या जिवावर उठलेले. मांडीच्या आतल्या बाजूला मोठा स्नायू असतो, त्याच्या वरच्या काठाला वीतभर पट्टी. थोरले म्हणायचे, ती स्वतंत्र स्नायू. धाकटे म्हणायचे, मोठ्याचाच काठ. यावरून घरात ताटं फुटली होती. एकदा थोरल्यांनी धाकट्यांचा दात पाडला, धाकट्यांनी त्यांची बोटं दारात चेंगरली. आई म्हणायची, "लोक जमिनीवरून भांडतात रे, तुम्ही मेलेल्यांच्या मांडीवरून."

त्या दिवशी विच्छेदनाच्या हॉलमध्ये थोरल्यांनी विद्यार्थ्यांपुढे पट्टी सुटी करून दाखवली. सुरीने. धाकट्यांना सुरीचा तिटकारा. कातडी निघाली की नुसत्या बोटाने वाट काढायची, बोट अडेल तिथे स्नायू एकच, हा त्यांचा हेका. त्यांनी सुट्या केलेल्या पट्टीची कड बघितली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "दादा, हे तुला सापडलेलं नाही. तू कापून केलंयस. जन्मभर हेच करत आलायस."

थोरल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुरी हातातच होती. ती धाकट्यांच्या मांडीत आतल्या बाजूने घुसली आणि खाली ओढली गेली. रक्ताची चिळकांडी टेबलावरच्या प्रेतावर उडाली.

भानावर आधी थोरलेच आले. पडलेल्या भावाच्या जांघेत त्यांनी सगळा भार देऊन मूठ रोवली. "हलू नकोस. धरलंय मी."

रक्त थांबलं. धाकट्यांना बरं वाटलं, खोटं कशाला बोला. काही झालं तरी दादा होता.

मग त्यांना थोरल्यांचे डोळे दिसले. ते उघड्या जखमेत शिरले होते. मान खाली वाकली, दुसऱ्या हाताचं बोट, आयुष्यात पहिल्यांदा नुसतं बोट, आत वाट काढू लागलं, आणि जांघेतली मूठ सैल पडली.

जीव वाचला. पाय मुळापासून काढावा लागला.

जामिनावर सुटल्यावर थोरले दवाखान्यात आले. कॉटजवळ उभे राहून रडले, मनापासून रडले. मग नाक पुसत म्हणाले, "पाय कुठे ठेवलाय?"

"जाळायला लावला."

"अरे, एकदा बघायचा तरी. तुझंच बरोबर निघालं असतं कदाचित."

"मलाही बघायचा होता, दादा," धाकटे म्हणाले. "शुद्धीवर आल्यावर पहिलं तेच मनात आलं. तेव्हाच सांगितलं, जाळा."