हिरव्या पानाचा शिक्का

हे सांगणं मी कितीतरी वर्षं टाळलं. आज सुनेने काजूची पिशवी पुढे केली आणि तिच्यावरचं हिरवं पान पाहून माझा हात मागे आला. 'माणूस आणि निसर्ग जपून' असं त्याखाली लिहिलेलं. ते पान द्यायचं की नाही, हे तपासायला मी शिक्का देणाऱ्या संस्थेकडून कारखान्यांत जायचो. आमची फी कारखानेच भरायचे आणि आम्ही कधी येणार, हेही त्यांना आधी ठाऊक असायचं.

कोकणातल्या एका कारखान्यात काजू फोडणाऱ्या बायकांच्या हातांत कोरे मोजे होते, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. त्यांच्यातल्या सुमतीबाईंनी मोजा उतरवला. टरफलाच्या तेलाने बोटं काळी पडून सोलली होती.

"सायबानू, रोज येवा, म्हंजे मोजे रोज गावतले!" बाकीच्या हसल्या. मग सुमतीबाईंनी विचारलं, "आमच्याबद्दल काय लिवतास, ता आमका वाचूक गावतला काय?"

"अहवाल गुप्त असतो," मी म्हणालो आणि 'मोजे वापरात आहेत' असं लिहिलं.

तो शिक्का पाहून दूरदेशीचं गिऱ्हाईक निर्धास्त होतं. ज्यांच्या हातांची ग्वाही दिली, त्यांनाच ती दाखवत नाहीत. कुणाला जाब विचारायचा, तेही त्यांना ठाऊक नाही. शिक्का मात्र अजून छापला जातोय.

निवृत्तीनंतर एकदा मुद्दाम त्या गावी गेलो. सुमतीबाई बाजारात काजू विकत बसल्या होत्या. "काय सायबानू, आता तरी वाचूक गावतला?" त्यांनी लगेच ओळखलं. माफी मागायला गेलेला मी, पाव किलो काजू घेऊन परत आलो.