तीन रेघांचे भांडे

राहुरीहून सकाळची एसटी पकडली तेव्हा माझ्यामागे दोन कामे होती, एक चर्चचे आणि एक माझे. चर्चसाठी कसबा पेठेतून बाप्तिस्म्याचे नवे भांडे आणायचे होते. जुने गळू लागले होते. गेल्या नाताळात एका बाळाच्या बाप्तिस्म्याला त्यातले अर्धे पाणी पाळकांच्या (आमच्याकडे धर्मगुरूंना पाळक म्हणतात) झग्यावर सांडले होते. आणि मला हिंजवडीला राहणाऱ्या माझ्या मुलाला एक वाक्य मागे घ्यायला लावायचे होते.

ते वाक्य तो फोनवर बोलला होता. शमुवेल पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. तिथे तो एका नव्या ख्रिस्ती मंडळीत जाऊ लागला. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या त्रैक्य मानत आलो, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच देव. या मंडळीला ते मान्य नाही. देव एकटा, त्याचे नाव येशू आणि त्या एका नावाने घेतलेला बाप्तिस्माच खरा, असे ते मानतात. मी विचारले, मग तुझ्या आईचे काय? तिचा बाप्तिस्मा तिन्ही नावांनी झाला आणि त्याच नावांनी तिला माती दिली. त्यावर तो म्हणाला, "आईच्या तारणाचं मी खात्रीनं काही सांगू शकत नाही, आबा." म्हणजे तिला देवाजवळ जागा मिळाली की नाही, याची त्याला खात्री नव्हती.

मी जुन्या लाकडाचा व्यापारी. पाडलेल्या घरांची दारे, तुळया, चौकटी घेतो आणि विकतो. शाळा अर्धवट सोडून हा धंदा उभा केला. कुणी फसवले तर त्याला तोंडावर चार शब्द सुनावतो आणि रात्री शांत झोपतो. या वाक्याने मात्र माझी झोप घालवली. आणि आता शनिवारी खडकवासल्याच्या पाण्यात तो नव्याने बाप्तिस्मा घेणार होता. "आबा, तुम्ही याच," असा त्याचा निरोप होता. मी निघालो, पण आशीर्वाद द्यायला निघालो नव्हतो.

सुप्याच्या पुढे ऊन चढले. खिडकीला डोके टेकले की मार्थाच आठवते. माझी बायको रोज सकाळी तोंड धुताना तीन ओंजळी पाणी मारायची. पहिली पित्यासाठी, त्याने आजचा दिवस दिला म्हणून. दुसरी पुत्रासाठी, कालच्या चुका त्याने आपल्या अंगावर घेतल्या म्हणून. तिसरी पवित्र आत्म्यासाठी, आज तोंडातून वाईट शब्द जाऊ नये म्हणून. या तिसऱ्या ओंजळीतले थोडे पाणी ती माझ्याकडे उडवायची. "तुमच्या जिभेला माझ्यापेक्षा जास्त गरज आहे," म्हणायची. शमूला तिने चालायच्या आधी हे शिकवले. शेवटच्या आजारात तिचा हात उचलेना, तेव्हा तिच्या तोंडावरून ओला हात मी फिरवायचो, तीन वेळा. आणि हा म्हणतो, खात्रीने सांगता येत नाही!

वाघोलीला वाहनांच्या रांगेत गाडी इतकी रखडली की कंडक्टरही उतरून चहा पिऊन आला. पुण्यात उतरलो तेव्हा जेवणवेळ झाली होती. एका खानावळीत मटकीची उसळ आणि पोळी खाल्ली. उसळीत साखर होती. नगरच्या माणसाला हा सरळसरळ अपमान वाटतो, पण भांडण पुढच्या कामासाठी राखून ठेवले.

कसबा पेठेत तांबटांची आळी शोधायला पत्ता विचारावा लागत नाही, ठोक्यांचा आवाज ऐकत जायचे. माझे भांडे तयार होते. पसरट, खोलगट, बाहेरून मठारलेले (हातोडीने एकसारखे ठोके उठवलेले), आतून कल्हई केलेले. दुकानाचे मालक चष्म्यावरून माझ्याकडे बघत बसले होते. मी भांडे उलटे केले, बोटाने वाजवले, उजेडाला धरले.

"भोक सापडलं का?" त्यांनी विचारले.

"नाही. पण काठाखाली तीन रेघा सांगितल्या होत्या. इथं एकच आहे."

"एक पुरत नाही का?"

"नाही."

"मारून देतो. पण तिन्हीचे वेगळे पैसे पडतील."

"अहो, रेघा तीन असल्या तरी भांडं एकच ना? मग भावही एकच."

मालकांनी चष्मा काढला. "हा हिशोब कुठला म्हणायचा?"

"आमच्या धर्माचा पायाच तो आहे."

"सोयीचा धर्म आहे," ते म्हणाले आणि कारागिराला हाक मारून भांडे त्याच्याकडे दिले. रेघा होईपर्यंत त्यांनी मला बसायला सांगितले, चहा मात्र विचारला नाही. मी मुलाची हकिगत सांगितली. ते म्हणाले, "खडकवासल्याच्या पाण्यात? तेच पाणी आमच्या नळाला येतं. म्हणजे आमचंही उरकून जाईल म्हणा, आम्हाला न विचारता." मी हसलो. मग त्यांनी भांडे वर्तमानपत्रात बांधून दिले आणि बजावले, "इथेच नीट बघून घ्या. एकदा वापरलेला माल आपण परत घेत नाही."

भाव एकच द्यावा लागला. त्या आनंदात मी हिंजवडीपर्यंत गेलो, आणि पुलाखालच्या गर्दीत तो आनंद संपला. कंपन्यांच्या बसगाड्या एकामागे एक उभ्या होत्या. आतली सगळी पोरे माना खाली घालून फोनमध्ये. शमूच्या सोसायटीच्या फाटकावर पहारेकऱ्याने माझा फोटो काढला आणि पिशवीत काय आहे ते विचारले. मी म्हणालो, "बाप्तिस्म्याचं भांडं." त्याने फोनमध्ये 'डिलिव्हरी' असे टिपले आणि आत सोडले.

सून प्रिया हिने बाजरीची भाकरी आणि मटणाचा लाल रस्सा केला होता. ही पोर पुण्यातच वाढलेली, पण रस्सा आमच्याकडचा शिकली आहे. जेवायला शमूच्या मंडळीचा पुढारीही होता. त्याला सगळे ब्रदर म्हणतात. तिशीचा, हसऱ्या चेहऱ्याचा, तोही कुठल्याशा कंपनीतला. मला चिडायला सोपे जावे असे त्याच्यात काही नव्हते, त्याचाच मला राग आला.

"काका, प्रॉब्लेम एवढाच आहे," तो म्हणाला, "पिता हे नाव नाही. ती पदवी आहे. पुत्र हीपण पदवी. नाव एकच, येशू."

"मला गावात शेठ म्हणतात, ती पदवी," मी म्हणालो. "या शमूचा मी बाप आहे, ती कुठल्या ऑफिसानं दिली? बाप व्हायला मुलगा लागतो. देव जग व्हायच्या आधीपासून पिता असेल, तर पुत्रही तेव्हापासून असणार. नाहीतर मधल्या काळात तो कुणाचा बाप होता?"

"आबा, भाकरी घ्या," प्रिया म्हणाली.

"घेतो. आणि येशू यार्देन नदीत बाप्तिस्म्याला उभा राहिला, तेव्हा वरून बोललं कोण? कबुतरासारखा उतरला कोण? वधस्तंभावर त्यानं हाक मारली ती कुणाला, स्वतःलाच? अहो, मी व्यवहारातला माणूस. मला तारण असं कळतं. पित्यानं मनात घेतलं, पुत्रानं स्वतः येऊन जीव देऊन ते केलं, आणि आत्मा ते रोज माझ्या घरात आणून पोचवतो. यातला एक काढा, बाकीचं माझ्यापर्यंत येतच नाही. लांबच्या लांब राहतं."

शमू ताटाकडे बघत म्हणाला, "आबा, गावाकडे हे सगळं फक्त सवयीनं चालतं."

"तुझी आई सवयीनं मेली का?"

प्रियाने माझ्या ताटात भाकरी वाढली. मग ब्रदर हळूच म्हणाला, "काका, तुमच्याएवढं मला मांडता येणार नाही. मी दारूत बुडालो होतो. बायको माहेरी निघून गेली होती. एका रात्री ते एक नाव घेतलं आणि सुटलो. म्हणून मी तेच नाव धरून बसलोय. दुसरं घ्यायची मला भीती वाटते."

समोरच्याने खरी गरज उघड केली की मी गप्प होतो, ही माझी धंद्यातली पद्धत आहे. तिथे गप्प झालो. पण माझे मत तसूभर हलले नाही, हे इथे लिहून ठेवतो.

शनिवारी पहाटे दोन गाड्यांतून निघालो. भांड्याची पिशवी मी खांद्याला लावली, तिथूनच परतीची एसटी गाठायची होती. दिवाळी उलटून गेली होती, काचांवर दव होते. लष्करी प्रबोधिनीच्या बाजूने झाडीतून पोरे धावताना दिसली. मग धरणाचे पाणी आले, राखाडी आणि लांबच लांब, वर धुके आणि पलीकडे सिंहगडाचा खांदा. काठावर कणसे भाजणारे अजून शेगड्या पेटवत होते. शमू पांढऱ्या सदऱ्यात कुडकुडत पाण्याकडे चालू लागला आणि तेवढ्यात शिटी वाजली.

"पाटी वाचा, पाटी!" रखवालदार ओरडत आला. "पाण्यात उतरायला मनाई आहे. लोक पितात हे पाणी."

ब्रदरने विनवले, इंग्रजीतूनही विनवले. रखवालदार म्हणाला, "तुम्हाला बुडवून वर काढायचंय. वर नाही आला तर मला बुडवतील." त्यात त्याचे चुकले नव्हते. मंडळी आपसांत कुजबुजू लागली. पुढच्या महिन्यात बघू, कुणाच्या तरी सोसायटीचा पोहण्याचा तलाव मिळवू.

मला मनातून आनंद झाला. मग मी शमूकडे पाहिले. तो पाण्याकडे बघत तसाच उभा होता, चपला हातात. आईला पुरून आल्यावर अंगणात असाच उभा होता, आत यावे की नाही ते न कळल्यासारखा.

गिऱ्हाईक असे अडले की भाव वाढवायचा असतो. मी त्याला बाजूला घेतले. "पाणी मी मिळवून देतो. एक अट आहे."

"आईबद्दल बोललो ते मागे घ्यायचं?"

"हो."

त्याने चपला खाली ठेवल्या. मग म्हणाला, "नाही आबा. ते सौद्यात देणार नाही. खोटं बोलून पाण्यात कसा उतरू? आईनं तसलं शिकवलं नव्हतं."

तोंडात जे आले होते ते बाहेर पडले असते तर आम्ही पुन्हा कधी बोललो नसतो. मी वळलो आणि रस्त्याने वर चालू लागलो. मी परत निघालो असेच सगळ्यांना वाटले. मलाही तसेच वाटत होते. चालता चालता एक गोष्ट डोक्यात आली आणि ती काही केल्या जाईना. पित्याने पुत्र दिला तेव्हा कुठली अट घातली होती? मी आयुष्यभर त्या दानावर जगलो आणि मुलाला ओंजळभर पाणी देताना भाव करत होतो.

वळणावर घेवड्याचे शेत होते आणि शेताच्या कडेला सिमेंटचा हौद. एक बाई शेळीला पाला घालत होती.

"मावशी, तुमचा हौद थोड्या वेळासाठी हवा होता. मुलाला आंघोळ घालायचीय."

"घाला की. केवढं हाय ल्येकरू?"

मी खालच्या रस्त्यावरच्या शमूकडे बोट दाखवले. तिने त्याच्या उंचीचा अंदाज घेतला. "आन् एवढी मानसं कशाला? धरून ठेवायला?"

"बघायला."

"साबन लावायचा न्हाई. पानी घेवड्याला जातंय."

"साबण नाही. बुडवायचं आणि वर काढायचं."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली आणि शेळी बांधायला गेली.

मी हात करून सगळ्यांना वर बोलावले. शमू जवळ आला तेव्हा एवढेच म्हणालो, "अट नाही. उतर."

तो उतरला. ब्रदरही उतरला. प्रिया टॉवेल घेऊन उभी होती, बाकीचे गात होते. मी हात बांधून उभा राहिलो आणि एका नावाने माझ्या मुलाला पाण्याखाली जाताना पाहिले. मान खाली घातली नाही, आमेन म्हटले नाही.

शमू वर आला तो डोळे मिटूनच. हौद दिवाळीच्या आधीपासून कुणी धुतला नव्हता. डोक्यापासून हनुवटीपर्यंत हिरवे शेवाळ. तो चाचपडत कठड्याला आला, खोकला, आणि एवढ्या माणसांत त्याने हाक मारली ती मला. "आबा, पाणी. स्वच्छ पाणी."

शेताकडेच्या मावशीच्या घराच्या दारात रांजण होता, पण तांब्या सापडेना. मी पिशवी उघडली, वर्तमानपत्र फाडले, भांडे रांजणात बुडवले आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरले.

डोळे मिटलेलेच, त्याने ओंजळ भरली आणि तोंडावर मारली. ओठ हलले. दुसरी मारली. ओठ हलले. तिसरी मारली आणि तिच्यातले थोडे पाणी, न बघताच, समोर उडवले. ते माझ्या तोंडावर आले.

ब्रदरने पाहिले. तो खाली बघून आपल्या बाह्या पिळू लागला. शमूने डोळे उघडले आणि माझ्या हातातले भांडे पाहिले.

"हे कुठलं?"

"आपल्या चर्चचं. नवं आहे."

त्याने काठाखालच्या रेघांवरून बोट फिरवले. मग म्हणाला, "सवय आहे आबा, दुसरं काही नाही."

माझ्या जिभेवर उत्तर तयार होते आणि ते चांगले होते. पण तोंडावरचे पाणी अजून वाळले नव्हते. मी गप्प बसलो.

परतीच्या एसटीत बसवायला शमू आला. खिडकीखाली उभा राहून म्हणाला, "आबा, मी आईबद्दल बोललो ते... मला माहीत नाही, एवढंच म्हणायला हवं होतं."

"तुला माहीत नसू दे," मी म्हणालो. "मला माहीत आहे."

गाडी हलली. तो कोपऱ्यापर्यंत सोबत चालत आला.

रविवारी उपासनेच्या आधी भांडे पाळकांच्या हाती दिले. त्यांनी ते फिरवून पाहिले आणि कल्हईवरचा हिरवा डाग अंगठ्याने पुसला.

"नवं म्हणाला होतात."

"नवंच आहे. एकदा वापरलंय फक्त."

"कशाला?"

"बघायला," मी म्हणालो. "गळत नाही."