सांबार आणायला जाताना

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही: ज्या पाटवडी-रश्शावर नागपुरात माझं नाव चालतं, त्यातली शेवटची चव माझी नाही.

मी घरोघरी जाऊन स्वयंपाक करतो. पहिल्याच दिवशी अट सांगतो: मसाला माझा, आणि मी असताना ओट्याजवळ कोणी यायचं नाही. विणकरांच्या घरातला मी. माग गेले, सावजी रस्सा तेवढा हातात राहिला. तो कोणी शिकवायला लागलं की डोकं फिरतं.

धरमपेठेतल्या बाईंनी मात्र पहिल्या पंगतीलाच दारातून म्हटलं, "भाऊ, भाजलेल्या जवसाची पूड टाकून पाहा ना थोडी. आमच्या कुहीकडे टाकतात."

"मग कुहीचाच माणूस बोलवायचा होता बाई. मले काहून बोलावलं?"

त्या हसल्या. मी सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, तोडायला मागच्या बागेत गेलो. परत येऊन चाखलं, तर रस्सा दाट, खमंग. ओट्यावर तपकिरी पूड सांडलेली. भांडायला तोंड उघडणार होतो, पण तोंडात रस्सा होता, आणि तो माझ्यापेक्षा चांगला होता.

पाहुण्यांनी बाहेर बोलावलं. "काय हात आहे हो तुमचा!" मी हात जोडले. बाई मुकाट्याने वाढत राहिल्या.

तेव्हापासून रश्शाला उकळी आली की मी ओरडतो, "सांबार आणून राहिलो बाई!" जुडी समोर पडलेली असते, तरी जातो. एकदा लवकर परतलो, तर आतून आवाज आला, "एवढ्यात झालं? आणखी आणा ना भाऊ, पाहुणे जास्त आहेत." मी निमूट वळलो.

दुसऱ्या घरी पूड मीच टाकतो. विचारलं तर म्हणतो, आमच्या घरची रीत आहे. बाईंकडे टाकली तर हरलो म्हणायचं, म्हणून तिथे बागेत जातो.

परवा त्यांच्याकडे एका पाहुण्याने मला विचारलंच, "यात टाकता काय?"

बाईच म्हणाल्या, "ते नाही सांगायचे. त्यांच्या घरची रीत आहे ती."

माझंच वाक्य! कुठून कानावर गेलं, कोण जाणे. वाढताना हसू दाबत होत्या. मलाही हसू आलं, आणि मान खाली गेली.

भरल्या पंगतीत, पाहुण्यांदेखत 'ही चव बाईंची' एवढं म्हणणं माझ्याकडे बाकी आहे. अजून म्हटलेलं नाही.